वेरूळच्या गिलाव्यातलं गावरान झाड

वेरूळच्या लेण्यांत भिंतीला आणि छताला जो मातीचा गिलावा आहे ना, त्यात गांजाचं झाड आहे. भांगेचं म्हणा हवं तर, झाड एकच. हे कुणाच्या गप्पांतून ऐकलेलं नाही, २०१६ साली ‘करंट सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात त्यावर रीतसर पेपर आलाय, पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंग आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे मिलिंद सरदेसाई या दोघांचा. त्यांनी गिलाव्याचे नमुने घेतले, त्यातले तंतू आणि काड्यांचे तुकडे वेगळे काढले, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातले आणि ताज्या झाडाशी ताडून पाहिले. नमुन्यात साधारण १० टक्के हिस्सा या झाडाचा निघाला. आणि ताडून बघायला जी ताजी झाडं आणली होती त्यातली काही दिल्लीच्या बाहेरच्या भागातली होती आणि काही जालन्याची.

जालन्याची! मी जालन्याकडचीच, त्यामुळं तेवढ्या एका शब्दावर मी किती वेळ अडकून पडले सांगता येत नाही. आपल्या गावाकडं आज ज्या झाडाचं नाव काढलं तरी माणसं इकडंतिकडं बघतात, त्याच झाडानं शेजारच्या डोंगरातला दीड हजार वर्षांचा गिलावा धरून ठेवलाय, आणि त्याची ओळख पटवायला त्याचा आजचा भाऊबंद आपल्याच शिवारात सापडला.

वेरूळला गेल्यावर सगळी मंडळी कैलास बघतात, फोटो काढतात, घृष्णेश्वराचं दर्शन घेतात आणि परत फिरतात. मी हल्ली गिलावा बघते. जिथं रंग उडालाय, पोपडा सुटलाय, तिथं कडेनं मान तिरपी करून बघितलं (हात अजिबात लावायचा नाही, लांबूनच) तर मातीत बारीक बारीक काड्या, भुसा, तंतू दिसतात, आपल्या जुन्या मातीच्या घराची भिंत पावसानं धुपली की आत दिसतात अगदी तसे. उघड्या डोळ्याला त्यातलं कुठलं साधं गवत आणि कुठलं भांगेचं देठ ते कळत नाही. पण ज्यांनी ते कालवलं त्यांना नक्की कळत होतं. माती नुसती लिंपली तर वाळताना तडकते, म्हणून तंतू घालायचे हे आपल्याकडं घर लिंपणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, पण त्यातही कुठला तंतू घालायचा हे ठरवणं ही पुढची गोष्ट. भांगेचा तंतू चिवट, दमट हवेत ओल धरतो आणि सोडतो, आणि किडा त्याला सहसा लागत नाही. पेपर लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की अजिंठ्याच्या गिलाव्यात हे झाड सापडत नाही आणि तिथल्या चित्रांची निदान २५ टक्के तरी हानी किड्यांनी केली, वेरूळच्या गिलाव्यात मात्र किड्यांचा तसा उपद्रव दिसत नाही. देवगिरीच्या किल्ल्यातही यादवांच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, हाच मसाला वापरल्याचं ते सांगतात.

आता हे जरा शेतकऱ्याच्या डोक्यानं बघा. सहाव्या शतकापासून पुढं काही शतकं हे काम चाललं, आणि एवढ्या लेण्यांना गिलावा करायचा तर त्याला मूठभर झाडं पुरणार नाहीत. कुठंतरी ते लावलं जात असणार, नाहीतर रानात इतकं माजलेलं असणार की गाडीनं आणता येईल. कापणारा कुणीतरी होता, भिजवून ठेचणारा कुणीतरी होता, कुठल्या महिन्यातलं देठ चिवट आणि कुठल्या महिन्यातलं ठिसूळ हे ओळखणारा कुणीतरी होता. लेणी कोरणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत हे नेहमी म्हणतो आपण, पण मला या माणसांची जास्त हुरहूर लागते, कारण त्यांच्याकडचं ज्ञान दगडात कोरलेलं नव्हतं, ते बियाण्यात आणि हातात होतं.

झाड मूळचं इथलं नाही हे आधीच सांगून टाकते. २०१९ साली जुन्या परागकणांच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास झाला, त्यात असं मांडलंय की हे झाड आपल्या सख्ख्या भावापासून, म्हणजे बिअरमध्ये जे हॉप्स घालतात त्या वेलीपासून, सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं आणि ते झालं तिबेटच्या पठाराच्या ईशान्येला, छिंगहाय सरोवराच्या आसपास. मग २०२१ साली जगभरातल्या ११० झाडांचे पूर्ण जीनोम वाचून दुसरा अभ्यास आला, त्याचं म्हणणं असं की माणसानं हे झाड पहिल्यांदा हाताशी धरलं ते पूर्व आशियात, साधारण १२,००० वर्षांपूर्वी, म्हणजे शेतीच्या अगदी पहाटेला. त्याच अभ्यासातली एक गोष्ट वाचून मला फार लागलं. मूळचं जे शुद्ध रानटी झाड होतं ते आता बहुतेक जगात कुठंच उरलेलं नाही. आज नदीकाठी, रेल्वेच्या कडेला, उकिरड्यावर जे आपोआप उगवलेलं दिसतं ते कधीकाळी शेतातून सुटून रानात गेलेल्याचीच लेकरं. म्हणजे या झाडाचं जे काही जुनं धन शिल्लक आहे ते या सुटलेल्या झाडांत आणि गावोगावच्या देशी वाणांत आहे, तिसरी तिजोरी नाहीच.

तिथून ते माणसाबरोबर फिरत राहिलं. मध्य आशियातल्या पामीरच्या डोंगरात २५०० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत लाकडी धुपाटणी सापडलीत, आत तापवलेले दगड आणि त्यावर या झाडाच्या नशिल्या द्रव्याचे अंश, म्हणजे अंत्यविधीत धूप घेत होते. सिथियन नावाचे भटके घोडेस्वार लोक तंबूत तापल्या दगडांवर याचं बी टाकून वाफ घ्यायचे हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलंय. आपल्याकडं अथर्ववेदात सोम, दर्भ, यव यांच्या रांगेत ‘भङ्ग’ येतो, तो हाच का यावर पंडितांत मतभेद आहेत, पण पाणिनीचं मला जास्त खात्रीचं वाटतं कारण तो शेताबद्दल बोलतो, तीळ, उडीद, जवस यांच्या शेताला काय म्हणायचं ते सांगताना त्याच सूत्रात तो भांगेच्या शेतालाही शब्द देतो. तीळ आणि जवसाच्या पंगतीला बसलेलं पीक म्हणजे ते कुणाच्यातरी बांधाच्या आत होतं.

मग ते ‘आपलं’ कसं काय, असं कुणी विचारेल. अहो, ज्वारी तरी कुठं आपली आहे, ती आफ्रिकेतून आली. मिरची पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणली. तरी मालदांडीची भाकरी आणि ठेचा यापेक्षा जास्त मराठवाड्याचं दुसरं काय दाखवता येईल? कुठलंही बी शेकडो वर्षं एकाच मातीत, एकाच पावसात पडत राहिलं, दरवर्षी शेतकऱ्यानं त्यातलंच चांगलं निवडून पुढच्या सालाला ठेवलं, की ते त्या जागेचं होतं. आपण गावरान म्हणतो ते त्याला.

आणि हे झाड तर जागेचा गुण फार लवकर अंगी लावून घेतं. एक तर नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, पराग वाऱ्यावर जातो, तोही कित्येक किलोमीटर, त्यामुळं दरवर्षी सगळ्या शिवाराची मिसळण होते आणि त्यातून जे त्या हवेला टिकतं ते पुढं जातं. दुसरं म्हणजे हे झाड दिवस मोजतं. दिवस लहान व्हायला लागले की फुलायचं, असा त्याचा नियम. आपल्याकडं जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास, अफगाणिस्तानात तो साडेचौदाच्या घरात जातो. म्हणून हिंदुकुशातलं झाड बुटकं, रुंद पानाचं, बर्फ पडायच्या आत घाईनं उरकणारं, आणि दख्खनचं, केरळचं झाड उंच, अरुंद पानाचं, निवांत वाढणारं. तिकडचं बी इकडं लावलं तर ते वीतभर असतानाच फुलून बसतं, इकडचं तिकडं नेलं तर थंडी पडली तरी फूल नाही. म्हणजे आपण ज्याला वाण म्हणतो त्यात त्या गावाचं अक्षांश, पाऊस, थंडी हे सगळं लिहिलेलं असतं, आणि ते लिहायला शेकडो हंगाम लागलेले असतात. एकदा गेलं की लॅबमध्ये परत लिहिता येत नाही.

युरोपला या झाडाचं आपलं रूप कळलं तेसुद्धा दख्खनमधूनच, हे थोडं सांगायला पाहिजे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषधपाणी द्यायला जायचा. (निजामशाहीचं मूळ घराणं आपल्या पाथरीचं असं परंपरा सांगते, म्हणजे मराठवाड्याचा धागा इथंही आहेच.) १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात ‘बांग’चं वर्णन आहे, झाड कसं असतं, लोक कशात कालवून घेतात, भूक कशी लागते, सगळं. पुढं १७५३ मध्ये स्वीडनचा वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसनं युरोपातल्या तागासारख्या झाडाला कॅनाबिस सॅटायव्हा नाव दिलं, आणि १७८५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कनं भारतातून सोन्नेरा या फ्रेंच प्रवाशानं नेलेली झाडं बघून सांगितलं की हे वेगळं आहे, याला कॅनाबिस इंडिका म्हणा. आज दुनियेच्या बाजारात इंडिका म्हणून जे रुंद पानाचं बुटकं झाड विकलं जातं ते अफगाणिस्तानकडचं. ज्याच्यावरून नाव पडलं ते आपलं उंच अरुंद पानाचं झाड आता ‘सॅटायव्हा’ म्हणून ओळखतात. नावाचा मालक बाजूला आणि नाव दुसऱ्याच्या कपाळावर.

इंग्रजांनी मात्र एक काम फार नीट करून ठेवलंय. १८९३-९४ साली त्यांनी इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, ११९३ साक्षीदार तपासले, साधू, शेतकरी, वैद्य, कलेक्टर, वेड्यांच्या इस्पितळातले डॉक्टर, सगळे, आणि सात खंडांचा रिपोर्ट काढला. माफक सेवनानं म्हणण्यासारखं नुकसान होत नाही, सरसकट बंदी घालू नका, लायसन्स आणि कर लावून ताबा ठेवा, असा त्यांचा निष्कर्ष. तो निष्कर्ष बाजूला ठेवला तरी त्यात शेतीची जी माहिती आहे ती आज सोन्याच्या मोलाची आहे. बंगालमध्ये नौगावला, मध्य प्रांतात खांडव्याला, इकडं मुंबई इलाख्यात नगर आणि साताऱ्याकडं लागवड व्हायची. खरिपात पेरायचं, थंडीत काढायचं. चपटा गांजा वेगळा, तो थर देऊन पायानं तुडवत दाबायचे, गोल गांजा वेगळा, चूर वेगळा.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली माणसं म्हणजे नौगावचे ‘पोद्दार’. त्यांचं काम एकच, शेतात फिरायचं आणि फूल नीट उमलायच्या आधीच कुठलं झाड नर आणि कुठलं मादी हे ओळखून नर उपटायचा, कारण एक जरी नर राहिला तरी सगळ्या मादी झाडांत बी धरतं आणि माल हलका होतो. शेतकरी पैसे देऊन त्यांना बोलवायचे. विचार करा, खांद्याएवढ्या वाढलेल्या पिकात वाकून प्रत्येक झाडाचं पेर न् पेर बघायचं, पानाच्या बगलेत मोहरीएवढंसुद्धा नसलेलं कळीचं टोक बघून निवाडा करायचा आणि तो चुकवायचा नाही. कुठलं पुस्तक नाही, भिंग नाही. ही नजर एका पिढीत तयार होत नाही. आज असं ओळखणारा माणूस गावात असेल तर त्याच्या तोंडून चकार शब्द निघणार नाही, आणि त्याच्याबरोबर ती नजर जाईल.

आमच्या थोरल्या आत्यांकडं मी हा विषय काढून बघितला. त्या नव्वदीकडं झुकल्यात, गोदाकाठचं सासर, आयुष्य शेतात गेलेलं. मी विचारलं की तुमच्याकडं भांगेची झाडं होती का हो, तर त्या आधी दाराकडं बघितल्या. “आता कशाला इचारायलीस माय ते, पोलिसाचं झाड हाय ते.” मग थोड्या वेळानं, तूर निवडता निवडता, आपणहूनच बोलायला लागल्या. विहिरीच्या कडंला, पाटाचं पाणी झिरपायचं तिथं, त्यांच्या सासऱ्यांनी एक-दोन झाडं राखलेली असायची. नांगरटीत बैल लई शिणला, चारा खाईना झाला, की त्याचा पाला गुळात घालून गोळा करून चारायचे. पोट लागलं तरी तेच. “माणसानं खायचं न्हवतं ते आमच्यात, बैलाचं औषिद व्हतं.” बी कुठून आणायचे म्हणलं तर म्हणल्या, “आणायचं कशाला, त्येच पडायचं, त्येच उगवायचं. एखादं साल न्हाई उगवलं तर मठातून आणायचे.” मग ते झाड गेलं कधी? तर “सरकारी मानसं यायला लागली तवा मामंजीनीच उपटून चुलीत घातलं.”

जनावराला हे द्यायची पद्धत जुनीच, त्या कमिशनच्या कागदांतही ती आहे. पण आत्यांच्या बोलण्यातली मठाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. म्हणजे बी राखायची एक व्यवस्था होती! घरचं गेलं तर मठात मिळेल, मठाचं गेलं तर दुसऱ्या गावच्या विहिरीवर मिळेल. आपल्याकडं घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ अशी तीन ज्योतिर्लिंगं, शिवरात्रीला साधू-बैरागी यायचे, धुनी पेटायची, चिलीम फिरायची, आणि त्यांच्या झोळीतून कुठलं कुठलं बी इथल्या मातीत पडलं असेल आणि इथलं बी कुठं कुठं गेलं असेल. निजामाच्या राज्यात अबकारी खात्याचा ठेका असायचा त्यामुळं उघड व्यवहार होता, चोरीचा नव्हता. वैद्यही वापरायचे, शास्त्रात ‘विजया’ म्हणून तिचं नाव आहे, जातीफलादि चूर्णात ती पडते.

दोराचं मात्र इथं वेगळं झालं. हिमालयात, गढवाल-कुमाऊंकडं, भांगेच्या सालीचं कापड विणायचे, पोती करायचे, बियांची चटणी तर आजही वाटतात. आपल्याकडं ते काम अंबाडीनं केलं. अंबाडीचं पान बोटं पसरल्यासारखं अगदी भांगेसारखं दिसतं, म्हणून शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ आलंय आणि इंग्रज तिला डेक्कन हेम्पच म्हणायचे. अंबाडी कापून नदीत कुजत घालायची, वाख सोलायचा, धुवून वाळवून त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं, नाडे वळायचे, पोळ्याच्या आधी मातंग वाड्यात ही वळायची घाई चाललेली असायची आणि बैलाला नवा कासरा, नवी येसण मिळायची. नायलॉन आलं आणि तेही संपत आलं. अंबाडी निदान भाजीला तरी उरली.

नशेचं काय, हे टाळून पुढं जायचं नाही मला. आमच्या गावात, आजूबाजूच्या गावांत, विशी-बाविशीची पोरं यात वाया गेलेली मी बघितलीत, आया रडताना बघितल्यात. कोवळ्या वयात रोज ओढलेलं डोक्यावर काय करतं यावर डॉक्टर कळकळीनं बोलतात ते खरंच आहे. तुरीच्या, कापसाच्या ओळीत झाडं लपवून लावायची, कारण तूर आणि ते झाड लांबून सारख्याच उंचीचं दिसतं, मग कुणीतरी खबर द्यायची आणि पोलिसांनी येऊन ढीग लावून जाळायचा, हेही नेहमीचं झालंय. पण हे सगळं मान्य करूनसुद्धा मला असं वाटतं की एखाद्या झाडाचा बाजार बंद करणं वेगळं आणि त्याचं वाणच पृथ्वीवरून जाऊ देणं वेगळं. अफूचं पीक मध्य प्रदेश, राजस्थानात सरकार स्वतः लायसन्सवर घेतं, त्याचे वाण जपतं, त्यावर संशोधन करतं. मग हिनंच काय घोडं मारलंय?

कायदा नीट वाचला तर तोही तितका आंधळा नाही. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे शेंडे, फुलं. शेंड्याशिवायचं नुसतं पान आणि बी त्या व्याख्येबाहेर ठेवलंय. कलम १४ खाली तंतूसाठी, बियांसाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये तशी लायसन्स द्यायला सुरुवातही केली, आणि २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं या बियांना, बियांच्या तेलाला आणि पिठाला खाद्य म्हणून मान्यता दिली. घोटाळा पुढंच आहे. औद्योगिक लागवडीत नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत पाहिजे अशी अट, आणि आपली डोंगरातली देशी झाडं त्या अटीत सहसा बसत नाहीत. मग काय होणार? लायसन्स मिळवलेला माणूस बाहेरचं कमी नशेचं तयार बी शोधणार, ते शेतात लावणार, त्याचा पराग वाऱ्यावर सुटणार आणि शेजारच्या दरीतलं हजार वर्षांचं वाण चार हंगामांत पातळ होणार. चांगल्या हेतूनं सुद्धा!

दुसऱ्या बाजूनं चोरबाजार तेच करतोय. साठ-सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतली तरुण मंडळी काबूलवरून नेपाळ, गोवा, केरळपर्यंत फिरली आणि खिशातून बी घेऊन गेली. त्यातून आणि मेक्सिको, कोलंबिया, थायलंडच्या देशी वाणांतून तिकडं हायब्रीड तयार झाले, ‘हेझ’ या जगभर गाजलेल्या वाणात दक्षिण भारतीय बियाण्याचाही वाटा असल्याचं सांगतात. त्यांच्या मोठाल्या सीड कंपन्या झाल्या. आता तेच जास्त नशेचे हायब्रीड परत हिमाचलच्या दऱ्यांत येऊन पोचलेत, मलाण्याच्या आसपास ते लावले जातात आणि तिथल्या मूळ वाणात मिसळतात. केरळच्या इडुक्कीत धाडी घालून लागवड मोडली, तर ती आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरांत सरकली. जिथून सरकली तिथलं वाण कुणी राखून ठेवलं का, हा प्रश्न कुठल्या बातमीत येत नाही.

हे आपल्याला नवीन नाही, म्हणून तर जीव जळतो. कापसाचं बघा ना. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत गावरान कापूस होता, खोल मुळाचा, पाऊस ताणला तरी तग धरणारा. २००२ ला बीटी कापूस आला आणि थोड्याच वर्षांत गावरान सरकी मागायला गेलं तर दुकानदार तोंडाकडं बघायला लागला. तरी कापसाला वाली होता, परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशी कापसाचं काम सोडलं नाही, पीए २५५, पीए ४०२ असे देशी वाण काढले, म्हणून आज कुणाला परत वळायचं तर वाट तरी आहे. ज्वारीला, तुरीला, करडईला संशोधन केंद्रं आहेत, जीन बँकेत नमुने आहेत, २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवायचा हक्क दिलाय. या एका झाडाच्या मराठवाड्यातल्या वाणासाठी कुणी उभं राहायला धजत नाही, कारण नाव काढलं की आधी माणसाकडंच संशयानं बघतात.

खरं तर फार मोठं काम नाही हे. परवानगी काढून विद्यापीठाच्याच वनस्पतीशास्त्र विभागानं किंवा परभणीच्या विद्यापीठानं जालन्याकडं, गोदाकाठी, औंढ्याच्या डोंगरात, जिथं जिथं हे झाड आपोआप उगवलेलं सापडतं तिथं जायचं, मार्गशीर्ष-पौषात बी पक्कं झालं की प्रत्येक ठिकाणचं थोडं थोडं वेगळ्या पाकिटात घ्यायचं, नर-मादीचे नमुने दाबून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला, लावायचे, जागा, माती, फुलोऱ्याचा महिना लिहून ठेवायचा. घरी डब्यात ठेवलेलं हे बी काही वर्षांत मरतं, पण नीट वाळवून उणे १८ अंशाला ठेवलं तर कितीतरी दशकं टिकतं, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय जीन बँकेत ती सोय आहे. जम्मूत सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेची संस्था सरकारी परवानगीनं याच झाडावर औषधांसाठी काम करतेच आहे, म्हणजे वाट नाही असंही नाही. त्याबरोबर वेरूळच्या गिलाव्यातल्या तंतूंशी आजचे हे नमुने आणखी बारकाईनं ताडता येतील, जुन्या तंतूत डीएनए मिळाला तर तेव्हाचं झाड आणि आत्ताचं झाड यांचं नातं किती जवळचं ते कळेल. आणि पुरातत्त्व खात्याला उद्या तिथला सुटलेला पोपडा मूळच्याच मसाल्यानं दुरुस्त करायचा झाला तर तो तंतू कुठून आणायचा? तो इथलाच पाहिजे. हे सगळं करताना आमच्या आत्यांसारखी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडं बसून विचारून घ्यायला पाहिजे, बैलाला किती पाला, कुठल्या महिन्यात, कुठल्या मठातून बी यायचं ते, आणि विचारणारा सरकारी गाडीतून उतरलेला नको, नाहीतर त्या परत दाराकडंच बघतील.